पांढऱ्या पट्टीवरून जामसांवली

ट्रकचा आरसा शोभाताईंच्या दंडाला घासून गेला, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीपाशी उभी होते. काही कळायच्या आत ट्रक पुढे निघून गेला आणि शोभाताई खाली बसल्या. मी धावत गेले. हाड मोडलं नव्हतं, पण दंड बघता बघता काळानिळा झाला. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा रस्त्याच्या त्याच कडेने चालू लागल्या. हातभर अंतरावर आमच्या पालिकेने बांधलेला नवाकोरा फुटपाथ होता. रिकामा.

मला आधी भीती वाटली, मग भयंकर राग आला.

मी नगरपालिकेत उपयंत्री, म्हणजे ज्युनियर इंजिनिअर आहे. रस्ते, नाल्या, फुटपाथ ही माझी कामं. पालिकेचं नाव सांगत नाही. सौंसर-पांढुर्ण्याकडचे लोक ओळखायचे ते ओळखतीलच. शोभाताई आमच्याच ऑफिसात जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर बसतात. दुपारचा डबा आम्ही दोघी एकत्र खातो. नातवाचं हृदयाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, तर हनुमान जयंतीपर्यंत दर शनिवारी अनवाणी पायांनी जामसांवलीला जाईन, अशी त्यांनी मन्नत मागितली होती. ऑपरेशन सुखरूप झालं. आता त्या मन्नत फेडत होत्या. त्यांच्यासारखे शेकडो लोक शनिवारी या रस्त्याने मारुतीच्या दर्शनाला चालत जातात.

त्यांच्यासाठीच तर फुटपाथ बांधला होता. बाहेरच्या कन्सल्टंटने डिझाइन करून दिलं होतं. पेव्हर ब्लॉक, म्हणजे एकमेकांत अडकवून रेतीवर बसवायच्या सिमेंटच्या जाड विटा. गडद राखाडी ब्लॉक चालणाऱ्यांसाठी, लाल ब्लॉक सायकलवाल्यांसाठी. सायकलींची पट्टी पहिल्या दिवसापासून भरून गेली. शाळेच्या पोरी, संत्र्याच्या बगिच्यात कामाला जाणारे मजूर, सगळे तिच्यावरून बिनघोर जातात. चालणारे मात्र शनिवार आला की फुटपाथ सोडून रस्त्यावर. त्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जातात.

त्या दिवशी मी दिसेल त्याला थांबवून विचारलं.

"बाबा, फुटपाथ सोडून इथून काऊन चालता?"

"असंच, मॅडम."

"मावशी, तुम्ही?"

"सवय नाही ना बाप्पा फुटपाथची."

तिसरा म्हणाला, इकडून जवळ पडते. रस्ता आणि फुटपाथ अगदी शेजारी शेजारी आहेत. जवळ काय पडणार, कपाळ!

सोमवारी टीएल बैठक असते. टीएल म्हणजे टाइम लिमिट. कोणतं काम किती दिवसांपासून रखडलं आहे, हे कलेक्टर सगळ्यांसमोर विचारतात. आमचे सीएमओ साहेब, म्हणजे पालिकेचे मुख्य अधिकारी, पांढुर्ण्याहून परतले ते लाल चेहऱ्यानेच.

"फुटपाथ बनवला तर लोक रस्त्यावर काऊन दिसून राहिले, असं विचारलं मले. मॅडम, पब्लिकले शिस्त नाही. रेलिंग लावा. फुटपाथ आन् रस्त्याच्या मधात लोखंडी पाइप. मग कशी येते रस्त्यावर, पाहतो."

"सर, थोडा वेळ द्या. लोक का चालत नाहीत ते आधी..."

"पाइप निघाले नागपूरहून."

रेलिंग चांगलंच असतं, पण लोक त्याच्या आतल्या बाजूला असतील तर. ते रस्त्याच्याच बाजूला राहिले, तर एकीकडे ट्रक आणि दुसरीकडे लोखंड. आरसा जवळ आला तर अंग चोरायलाही जागा नाही. परवा शोभाताई निदान फुटपाथच्या बाजूला कोलमडल्या होत्या. रेलिंग असतं तर त्या पाइपावर आपटून परत ट्रककडे आल्या असत्या. हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. जेवताना दिसे, आंघोळीला गेले तरी दिसे.

पुढच्या शनिवारी रेलिंगच्या खड्ड्यांच्या खुणा करायला मी साइटवर गेले. मुद्दामच सकाळपासून थांबले. आणि पाहते तर काय, सकाळी सगळे फुटपाथवर! अगदी गुण्यागोविंदाने. ऊन चढलं तसा एकेक जण खाली उतरू लागला. दुपार होईपर्यंत फुटपाथवर फक्त चपला घातलेले लोक उरले. अनवाणी होते ते सगळे रस्त्यावर, आणि तेही कसे? एकामागे एक, रस्त्याच्या कडेला वाहनांसाठी मारलेल्या पांढऱ्या पट्टीवर, तोल सांभाळत चालल्यासारखे.

मी सँडल काढली आणि ब्लॉकवर पाय ठेवला. लगेच उचलला. तव्यावर ठेवल्यासारखं झालं. मग डांबरावर ठेवला, ते त्याहून वाईट. मग पांढऱ्या पट्टीवर ठेवला. गरम होती, पण पाय टिकत होता.

एवढी साधी गोष्ट मला इतके दिवस कशी कळली नाही? आम्ही बौद्ध. आमच्या घरात मन्नतीचा, अनवाणी चालण्याचा रिवाज नाही. दीक्षाभूमीला जातो तेही चपला घालूनच. पण मला नाही कळलं ते ठीक, या लोकांनी तरी सांगायचं! मी विचारलं होतं की!

सोमवारी डबा उघडल्याबरोबर मी शोभाताईंना विचारलं, "पाय भाजतात म्हणून रस्त्यावरून चालता ना?"

त्यांनी पोळी तशीच हातात धरली. "तसं बोलू नये, मॅडम."

"का?"

"मन्नतीत कुरकूर करू नये. देवानं पोराले वाचवलं, अन् मी पाय भाजते म्हणू? बोललं की मन्नत फळत नाही."

"पण ट्रकखाली आलात म्हणजे?"

"ते त्याच्या हातात आहे."

"ते माझ्याही हातात आहे," मी जरा जोरातच म्हणाले. खिडकीवरचे लोक वळून बघू लागले. "बरं, तोंडाने बोलू नका. भाजत असेल तर नुसती मान हलवा."

त्यांनी मान हलवली नाही. पण पायातली चप्पल काढून तळवा टेबलाखाली पुढे केला. मी वाकून पाहिलं आणि मला जेवण गेलं नाही.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"कोणी लेखी तक्रार दिली का?" साहेबांनी विचारलं.

"देणारच नाहीत, सर. तोंडी पण देणार नाहीत."

"मग कलेक्टरले काय सांगू? पब्लिकचे पाय नाजूक आहेत?"

"सर, सावलीला झाडं लावली आहेत, पण ती मोठी व्हायला वर्षं जातील. तोवर फुटपाथच्या आतल्या कडेने पांढरा पट्टा मारू. उन्हाळ्यात आपण घराच्या छतावर चुना मारतो, तसा. घर थंड राहतं, तर ब्लॉकही राहतील. चुना, पांढरं सिमेंट, चिकटायला गोंद आणि पाय घसरू नये म्हणून बारीक रेती."

साहेब वाईट माणूस नाहीत. फक्त सोमवारला घाबरतात.

"एक शनिवार देतो. दुपारी लोक फुटपाथवर दिसले तर ठीक. नाहीतर रविवारी पाइप उभे राहतील. अन् मधात काही झालं, तर मी रेलिंगच म्हणत होतो, हे ध्यानात ठेवा."

कोणाला काही झालं, तर आता नाव माझं लागणार होतं. त्याहून मोठी धास्ती म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर शोभाताई असणार होत्या.

ऑफिसच्या अंगणात आधी नमुना करून पाहिला. पहिल्या मिश्रणाचा चुना तळव्याला लागत होता. भेगा पडलेल्या टाचेला कच्चा चुना झोंबतो, म्हणून तो भिजवून मुरवला आणि सिमेंट वाढवलं. भर उन्हात मी पट्ट्यावर अनवाणी उभी राहिले. बाकीचा स्टाफ खिडकीतून हसत होता. एक जण म्हणाला, मॅडमनं पण मन्नत मागितली वाटते. हसा लेको, मनात म्हटलं. दुसरं मिश्रण जमलं.

ठेकेदार दिनेशभाऊंनी गुरुवारी पट्टा मारून संपवला. त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी म्हशी ओल्या पट्ट्यावरून फिरून गेल्या.

"खूर उमटले, मॅडम, पण डिझाइन चांगली दिसून राहिली," दिनेशभाऊ फोनवर म्हणाले. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शुक्रवारी तेवढा तुकडा पुन्हा मारून घेतला आणि दिवसभर पाणी मारायला लावलं. पट्टा पक्का होईल की नाही, याच धास्तीत शुक्रवार गेला.

शनिवारी सकाळी लोक नेहमीसारखे फुटपाथच्या मधून गेले. त्याची काळजी नव्हती. खरी परीक्षा दुपारी होती. ऊन चढलं आणि मी रुमालाने मान पुसत उभी राहिले. लोक फुटपाथवरून उतरू लागले. रस्त्याच्या पट्टीवर. माझा पट्टा लखलखीत पांढरा, आणि त्यावर चिटपाखरू नाही! उलट काही जण फुटपाथवरच होते, तेही पट्ट्याला पाय लागू नये म्हणून अंग चोरून चालत होते.

मी एका म्हाताऱ्या बाबांना अडवलं. ते रामाकोन्याहून चालत आले होते.

"बाबा, या पट्ट्यावरून चला ना."

ते दचकले. "नाही बाप्पा! कोन येऊन राहिलं आज? मंत्री का मुख्यमंत्री?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे कोणी मोठा माणूस येणार असला की पालिका रस्त्याच्या कडेला चुन्याच्या रेघा मारते. त्या रेघेवर पाय पडला की पोलीस ओरडतो. ती शिस्त आम्हीच लावली होती. कधी नव्हे ती शिस्त पब्लिकने पाळली होती.

"कोणी येत नाही बाबा, तुमच्यासाठीच आहे. इथं पाय भाजत नाहीत," मी म्हणाले, आणि बोलल्या क्षणी चूक कळली. बाबांचा चेहरा एकदम ताठर झाला.

"आमचे नाही भाजत," असं म्हणून ते रस्त्यावर उतरले.

तेवढ्यात समोरून काहीतरी येताना दिसलं. ट्रॅक्टर होता, त्याच्या मागे पंक्चर झालेली सायकल टाकलेली होती, आणि त्याला ओलांडायला एक कोळशाचा ट्रक पार आमच्या कडेला येत होता. मी ओरडून बाबांना मागे खेचलं. ट्रक गेला. बाबा माझ्याकडे रागाने बघत होते. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

आणि मागून शोभाताई येताना दिसल्या. रस्त्याच्या पट्टीवरूनच. दंडावरचा डाग अजून पिवळा होता.

मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच सगळं सांगितलं. मग त्यांनी पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दाखल्यांच्या खिडकीवर वापरतात त्या आवाजात ओरडल्या,

"ए बाबा! ओ मावशी! रस्त्यावर कायले जाऊन राहिले? आज दर्शनाची रांग इथूनच आहे! पांढऱ्यावरून, एकामागं एक! मधात घुसू नका!"

आणि स्वतः पट्ट्यावर चढून चालू लागल्या.

रांग म्हटल्यावर आपल्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही. बाबा आले. त्यांच्या मागच्या दोन बाया आल्या. मागून येणारे न विचारताच त्यांच्या मागे लागले. कोणाला भाजतं का, कोणाला थंड वाटतं का, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. थोड्या वेळाने लोधीखेड्याचा एक माणूस पुढच्याशी भांडू लागला की तू रांगेत मध्ये घुसलास. ते भांडण ऐकून मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

साहेब जीप घेऊन आले. खाली न उतरताच काच उतरवली.

"दिसून राहिले," ते म्हणाले.

"हो सर."

त्यांच्या जीपला बाजू देत एक ट्रक कडेला आला आणि त्याची चाकं रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून खडखडत गेली. तिथे कोणीच नव्हतं. साहेबांनीही ते पाहिलं. काच वर केली आणि निघून गेले.

पाइप उभे राहिले नाहीत. ते कोंडवाड्याच्या कुंपणाला लागले. टीएल बैठकीत फुटपाथच्या यशाचं श्रेय 'जनजागृती'ला मिळालं. हनुमान जयंतीच्या आधी पट्टा रुंद करून घेतला, कारण एकेरी रांग फार लांब होत होती. शोभाताईंची मन्नत जयंतीच्या दिवशी पूर्ण झाली. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही पट्टा नव्याने मारतो.

लोक सुविधा वापरत नाहीत, असं कोणी मीटिंगमध्ये म्हटलं की मी आता लोकांना कारण विचारायला जात नाही. ते भले लोक असतात, खरं कारण सांगतीलच असं नाही. मी भर दुपारी साइटवर जाते, सँडल हातात घेते आणि जेवढं सोसतं तेवढं चालते. डिझाइनमधल्या बहुतेक चुका पहिल्या दहा पावलांतच कळतात.