नखं कापून आलेल्या बायका

आमच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सगळे नखमास्तर म्हणत. आसपासच्या वस्तीत नखांची बुरशी किती जणांना आणि कशामुळे होते, याची पाहणी चालू होती. नखाखालचा भुगा खरवडायचा, काचपट्टीवर औषधाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं, हे त्याचं काम. फॉर्म भरायचं काम माझं. मास्तरला माणसं चेहऱ्यानं आठवत नसत, अंगठ्यानं आठवत.

दिवसभर बंद बुटांत वावरणारे कामगार, ओल्यात उभ्या राहणाऱ्या मासळीवाल्या, एकच नेलकटर घरभर फिरवणारी कुटुंबं, असं करत पाचांत एकाला बुरशी निघत होती. मग कपडे धुण्याच्या कारखान्याची पाळी आली. तिथं तीस बायका आठ तास साबणाच्या पाण्यात उभ्या असतात. त्रास सिद्ध झाला तर पाणी न शिरणारे बूट देईन, असं मालकानं कबूल केलं होतं. एकोणतीस जणी आल्या. तिसावी, म्हणजे मास्तरची बायको, नेमकी त्या दिवशी रजेवर होती. एकूण एक नमुने स्वच्छ निघाले.

दवाखान्यात जायचं म्हणून बायकांनी नखं मुळापासून कापली होती, ब्रशनं घासली होती. खरवडायला उरलंच काय? मास्तर म्हणाला, दोन महिने कापू नका आणि परत या. बायकांच्या ते मनाला लागलं. मुकादमीण म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं. आता पाय दाखवून करू?" पाहणी करणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर ते अहवालात शून्य लिहिणार होते आणि बुटांचा विषय संपणार होता.

मास्तरची बायको घरात कायम मोजे घालायची. फरशी गार लागते, म्हणायची. जगाच्या नखांत डोकं घालणाऱ्या माणसाला तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यानंही कधी चौकशी केली नाही, याचा मला अजून राग येतो.

दोन महिन्यांनी तीसही जणी आल्या. "आधी मी बसते," असं सांगून मास्तरच्या बायकोनंच बाकीच्यांना तयार केलं होतं. सगळ्यांसमोर स्टुलावर बसून तिनं मोजे काढले. दहाही नखं पिवळी, जाड. कुणी हसलं नाही. त्या दिवशी एकोणीस जणींना बुरशी निघाली आणि महिन्याभरात बूट आले.

पण मला आठवतो तो पहिला फॉर्म. मास्तर बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिला. मग त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "किती वर्षांपासून आहे?"

"एकवीस."

त्यांच्या लग्नाला बावीस झाली होती.

"आधी कुणाला दाखवलं होतं का?"

"कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

त्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. मास्तरनं तिचा पाय मांडीवर घेतला आणि खरवडायला सुरुवात केली.