माझ्या कंदुरीचं बोकड

"आजी, हा सुरी घेऊन तुमच्या अंगणात कशाला आला?" गावातल्या पोरांनी चांदभाईला अडवून मला विचारलं. मी म्हणाले, "मला न्हाई ठावं."

हे आजवर कुणाजवळ बोलले नाही. पोटच्या पोरालाही नाही.

ठाऊक कसं नसेल? चांदभाई आमच्या गावचा मुलाणी. बोकड माझं, नातवाच्या जावळाच्या कंदुरीचं. आदल्या दिवशी मीच त्याच्या दारी जाऊन बजावलं होतं, "सुरीला धार लावून आण रं बाबा, मागल्या बारीला लई येळ लावलास." तो हसला. "अक्का, बोकडच म्हातारं हुतं, तुमच्यावानी!" मुलाण्यानं कापल्याशिवाय आमच्यात देवाला निवद नसतो. सासऱ्याच्याही आधीपासून.

मग तसं का म्हणाले? — त्या आठवड्यात देवळात एका नावाजलेल्या लेखकाचं व्याख्यान झालं. पुस्तकं खपली. मीही घेतलं. चौथी शिकलेली बाई मी, बोट ठेवून वाचलं — म्हणे, या मुसलमान लोकांच्या हातात जन्मतः सुरी असते. अरे मेल्या, ती सुरी आम्ही बोलावतो! तिकडं दुसऱ्या विद्वानानं पेपरात लिहिलं, तो शांतीचा धर्म. दोघं अजून मोबाईलवर भांडतात. भांडा! कंदुरीच्या पंगतीला बसलाय का दोघांतला एक तरी?

पण त्यांना शिव्या देऊन मी सुटते का? "न्हाई ठावं" हे त्यांनी लिहून दिलं नव्हतं.

भ्याले होते? नाही. ती पोरं माझ्यावर हात टाकणार नव्हती, त्यांची नाकं पुसलीत मी. मला लाज वाटली — मुलाणी माझ्या बोलावण्यानं आलाय, हे चारचौघांत म्हणायची. ते पुस्तक वाचलं नसतं, तर वाटली असती?

"अक्का, सांगा की ह्यांना," चांदभाई म्हणाला.

मी बोकडाचं दावं धरलं, आत गेले, कडी लावली. त्यानं दोनदा हाक मारली — अक्का, अक्का — मग नुसता ओरडत राहिला. पोलिसांना सांगितलं, मी चुलीपाशी होते, काही ऐकलं नाही. गुन्हा त्याच्यावरच लागला, सुरी घेऊन घरात घुसला म्हणून. तो लेखक आता गावोगाव आमच्या गावचा दाखला देतो. दुसरा विद्वान म्हणतो, असं काही घडलंच नाही. दोघंही खोटे. आणि खरं फक्त माझ्याजवळ, कडी लावलेलं.

चांदभाई वाचला. उजवा हात कोपरातून वळत नाही. शेवगावला लेकीकडे असतो.