पडद्यावरचं मरण

अहेरीच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला, तेव्हा मी आणि माझी धाकटी नणंद पाहायला गेलो. लढाईचा सिनेमा होता. एक शिपाई सोबत्यांना पुलापलीकडे जाऊ देतो आणि स्वतः एकटाच मागं राहून मरतो. सगळ्या बाया रडल्या. मीही रडले.

सकाळी बैलगाडीनं घरी आलो. नणंदेनं उतरता उतरताच शिपाई मेल्याचं सांगितलं आणि सासूबाईंनी आम्हाला दारातच थांबवलं.

"मौत पाहून आल्या ना? आंगावर पानी घ्या, मंग चुलीजवळ जा."

मला हसू आवरेना. एरवी मी त्यांच्यापुढे तोंड उघडत नसे. त्या दिवशी म्हणाले, "आत्याबाई, तो खरा नाई मेला. नाटकातल्यावानी सोंग असते. सोंग सरलं का उठते अन् घरी जाते."

"पाहा माय, वयनी एका सिनेमात मास्तरीन झाली!" नणंद म्हणाली.

सासूबाई हसल्या नाहीत. माझे मोठे दीर ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले होते आणि ते मेल्याची नुसती तार आली होती. घरच्यांनी तेरवी केली. पण प्रेत कुणी पाहिलं नाही म्हणून सासूबाईंनी त्यांच्या नावानं अंगावर पाणी घेतलं नव्हतं.

त्यांनी हळूच विचारलं, "तू त्याले उठताना पाह्यलं का?"

"नाई."

"मंग घरी गेला म्हून कसं म्हनते?"

मला वर पाहवेना. मी बादली घेतली आणि लुगड्यासकट अंगावर ओतली.