जिथं माणूस पडला

फोन भाच्याचा होता. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. मागच्याच आठवड्यात मी तिला भेटून लोह्याला परतलो होतो. निघताना म्हणाली होती, "आता लवकर येऊ नको, ऊन लई हाय..." माझी थोरली बहीण कलावती. आम्ही तिला अक्का म्हणायचो. आता महिना उलटलाय, लिहायला बसलोय, आणि तिच्या मरणाऐवजी दाजींचंच मरण डोळ्यांपुढं येतंय. अक्काचं उरलेलं सगळं आयुष्य त्या एका दुपारशी भांडण्यात गेलं.

जळकोटच्या शिवारात वैजनाथदाजींचं वावर, शेजारी त्यांचा धाकटा भाऊ मन्मथचं. मध्ये बांध, बांधाला लागून दोघांची सामायिक विहीर. लातूर जिल्हा नवा झालेला आणि पावसानं पाठ फिरवलेली. विहिरीच्या तळाला साचेल तेवढं गढूळ पाणी एक दिवस याचं, एक दिवस त्याचं. आदल्या दिवशी मन्मथची म्हैस पाण्यावाचून तडफडून मेली होती. त्या दिवशी पाळी दाजींची. ते आपल्या वावरात चिंचेखाली बैलापुढं बादली धरून उकिडवे बसले होते. अक्का भाकरी घेऊन येत होती. तिच्या डोळ्यांदेखत मन्मथ बांध ओलांडून आला, एक शब्द बोलला नाही, आणि मागून दाजींच्या मानेवर कुऱ्हाड घातली. दुसरा घाव डोक्यात. बादली लवंडली, बैल दावं तोडून पळाला... अक्का पोचेपर्यंत मन्मथ आणि त्याचा मेहुणा दाजींना पाय धरून आपल्या वावरात ओढत होते. तिनं दाजींचा हात धरला तो सोडेना. मन्मथनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिच्या डाव्या मनगटावर मारलं, परत मारलं. हाड मोडलं तेव्हा हात सुटला. ती मूठ पुन्हा कधी पुरती वळली नाही.

पोलीस आले तेव्हा मन्मथ सांगत होता की वैजनाथच माझ्या वावरात शिरून अंगावर आला, मी जीव वाचवला. प्रेत तर त्याच्याच वावरात पडलेलं. जमादारानं जागेची खूण म्हणून तिथंच खुंटी ठोकली. अक्का मोडका हात छातीशी धरून पुढं गेली. "सायेब, हितं न्हाई मारलं. तिकडं, चिंचेखाली मारलं." जमादार म्हणाला, "बाई, बॉडी जिथं, स्पॉट तिथं."

मी संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. वाटलं होतं, गळ्यात पडून रडेल. रडली नाही. म्हणाली, "तू साळेत विंग्रजी शिकवतूस. स्पॉट म्हंजी काय रे?"

"नेमकी जागा," मी म्हणालो. "डागालाबी स्पॉटच म्हणतात."

ती म्हणाली, "मग झालं की. जिथं डाग, तिथं जागा."

सकाळी हाताच्या प्लास्टरसकट ती वावरात गेली. मी मागोमाग. चिंचेखाली कुणीतरी कोरडी माती टाकून सारखी केली होती. अक्का उजव्या हातानं उकरत राहिली. नखं फुटली. खाली रक्तानं काळी पडलेली ढेकळं निघाली, तशी ती तिथंच मांडी घालून बसली. मन्मथचा मेहुणा बांधावरून दगड मारायला लागला. एक तिच्या कानावर बसला, लुगड्यावर रक्त ओघळलं. मीही भान सोडून दगड फेकले, त्याचे दात पाडले. अक्का जागची हलली नाही. "तू जमादाराला घिऊन ये," म्हणाली. "म्या हाय हितं."

जमादार आला, पुराव्याला ती रक्ताची माती उचलली. खटला लातूरला उभा राहिला. मन्मथच्या वकिलानं तिला हसत विचारलं, "स्पॉट स्पॉट करता बाई, स्पॉट म्हणजे काय, कळतं का?" अक्का म्हणाली, "जिथं माणूस पडला ती जागा. वढून टाकला ती न्हाई." शिक्षा झाली. आम्हाला हवी होती तेवढी मात्र नाही.

मन्मथ सुटून आला तोवर भाच्याला, शिवानंदला, मिसरूड फुटलं होतं. एका सकाळी मन्मथ बांध ओलांडून चिंचेखाली येऊन उभा राहिला. माफी मागायला आला होता की नुसता सावलीला, देव जाणे. अक्कानं दगड उचलला आणि त्याच्या कपाळावर घातला. तो पडला. पडल्यावर तिनं खांद्यात आणखी एक घातला. माणसं जमली, पोलीस पाटील आला. मन्मथ डोळ्यांवरचं रक्त पुसत म्हणाला, "काही न्हाई, पाय घसरून पडलो." अक्काच्या हातात दगड तसाच होता. ती म्हणाली, "पडला न्हाई. म्या मारला. हितं, ह्याच जागी." पाटलानं कुणाचंच ऐकल्यासारखं केलं नाही. मी नंतर तिला म्हणालो, "अगं, तो तुला वाचवत होता." तर म्हणाली, "त्याच्या खोट्यानं मला वाचायचं न्हाई."

आता अक्काला माती दिल्यावर घरी जेवणं होती. दाजींवर मागून घाव पडला तेव्हापासून अक्का कधीच कुणाकडं पाठ करून बसायची नाही. लग्नात, दवाखान्यात, अगदी स्वतःच्या घरातसुद्धा भिंत धरून, तोंड दाराकडं. त्या दिवशी पंगत बसली आणि मधल्या भिंतीशी एक जागा मोकळी राहिली... कुणी ठरवलं नव्हतं. तेवढ्यात मन्मथ आला. म्हातारा झालाय, कपाळावर त्या खोकेचा व्रण आहे. त्यानं भिंतीशी असलेल्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, तिथं गेला नाही. पंगतीसमोर उघड्यावर, सगळ्या घराकडं पाठ करून बसला. त्याच्या मागं शिवानंद उभा होता. बराच वेळ उभा राहिला. मग वाकला, आणि मागूनच त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.