पत्रिकेला दिलेली परवानगी

आमच्या गडमुडशिंगीत लग्नाची पत्रिका आली आणि कुणी ती उघडलीच नाही, असं होत नाही. पूर्वी घरोघरी अक्षता देऊन जायचे, आता मोबाइलवर पाठवतात, पण मान तोच. पत्रिका बघितली नाही तर माणूस वर्षभर तोंड फिरवतो. चोरांना हे बरोबर ठाऊक होतं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती दूधसंस्थेतल्या एका ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली. फोटो नव्हता, फाइल होती. उघडायला गेले तर फोननंच अडवलं. हे ॲप बाहेरून आलंय, धोका असू शकतो, अशी सूचना आली. आबांनी लगेच मला फोन केला. मी शहरात एका कॉलेजच्या ऑफिसात, समोर परीक्षेच्या फॉर्मची रांग. पत्रिकेला ॲप कशाला लागतं, एवढं विचारायला मला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणाले, "द्या की परवानगी आबा, काय होत न्हाय."

आणि मीच त्या ऑफिसात येईल त्याला सांगत असते, अनोळखी काही डाउनलोड करू नका म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आबांनी परवानगी दिली. मेसेज वाचायची दिली, नंबरांची यादी बघायचीही दिली. पत्रिका काही उघडली नाही. दुपारपर्यंत आबांच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर, आबांच्याच नावानं, तीच फाइल गेली. खाली लिहिलेलं, आमच्या घरचं लग्न आहे, अगत्यानं यावं.

मी धावत घरी गेले. सिम काढलं, बँकेला कळवलं, आबांचे पैसे वाचले. मग आबांच्या फोनमधले नंबर वहीत उतरवले आणि माझ्या फोनवरून एकेकाला सांगायला त्यांना बसवलं, की पत्रिका खोटी आहे, उघडू नका. यादीत 'नेसरी' आलं तशी आबांनी वही बाजूला ठेवली. नेसरी म्हणजे माझी आत्या, त्या गावात दिलेली. सहा वर्षांपूर्वी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिनं सही केली नाही, तेव्हापासून येणंजाणं बंद. बहिणीचं नावसुद्धा आबांनी फोनमध्ये ठेवलं नव्हतं, फक्त गाव.

"तिला कोण पत्रिका धाडतंय?" म्हणाले आणि पुढचा नंबर सांगितला.

चोराच्या ॲपला भावकी कळत नाही, हे मला कळत होतं. मी स्वतः फोन करायला हवा होता. बत्तीस वर्षांची बाई मी, बापाच्या कपाळावरच्या आठीला भ्याले. त्याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी आत्याचाच फोन आला. तिचाही फोन नको म्हणत होता, पण तिनं दाबून दाबून परवानगी दिली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनला साठवलेले पैसे गेले, हे तिनं एका वाक्यात सांगितलं. मग विचारलं,

"लगीन खरंच न्हाय व्हय गं तुझं?"

मी नाही म्हणाले. पत्रिका आली त्याच संध्याकाळी तिनं गडहिंग्लजला जाऊन माझ्यासाठी साडी घेतली होती.

"मला वाटलं, दादानं बोलावलं," ती म्हणाली. "पैशाचं बघतील पोरं."

मी हे आबांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, ती फाइल फोनमधनं नीट गेली का बघ. मला त्यांचा इतका राग आला की मी जेवले नाही. ताट झाकून तसंच ठेवलं.

साडी एका पाहुण्याबरोबर आली, माझ्या कपाटात आहे. आबांनी नेसरीला अजून फोन केलेला नाही. सहा वर्षांत आमच्या घरातून आत्याला एकच आमंत्रण गेलं, आणि ते चोरांनी पाठवलं.