घोंगडीवरची व्हॅनिला
आमच्या लालबागच्या मसाल्याच्या दुकानात व्हॅनिलाची बरणी उघडली, की मला एक घोंगडी आठवते. ही व्हॅनिला तयार कशी होते ते शिकायला मी कोकणातल्या एका बागेत गेले होते. आठवडाभर रोज थोडं ऊन दाखवलेल्या शेंगा बागवाल्या काकींनी सकाळी उन्हात घोंगडीवर पसरल्या आणि "तासाभरान गुंडाळून ठेव गो" म्हणत त्या माडांकडे गेल्या. तासाभरानं शेंगा मला ओलसरच वाटल्या. आमच्याकडे मिरची कडकडीत होईपर्यंत वाळवतात, म्हणून मी शहाणपणा करून त्या दुपारपर्यंत तशाच ठेवल्या. मग एक उचलली, तर ती वाकेचना, कट्कन मोडली. प्रत्येक फूल काकींनी हातानं पराग लावून फळवलेलं, शेंगा नऊ महिने वेलीवर जपलेल्या. घोंगडी घाईनं गुंडाळून मी फाटकाकडे बघत बसले. काकी आल्या, घोंगडी उघडून वास घेतला आणि एक शेंग वाकवली; तीही मोडली. "मिरची न्हय गो ही, हिका घाम येवक व्हयो," एवढंच म्हणाल्या. उन्हात तापलेली शेंग घोंगडीत गुंडाळली की तिला घाम सुटतो, त्यानंच ती मऊ राहते आणि वास धरते. दुसऱ्या दिवशी, कडेच्या सावलीमुळे वाचलेल्या शेंगा पसरून त्यांनी राखणीला पुन्हा मलाच बसवलं. तेवढा लांब तास मी नंतर कधी पाहिला नाही. आज बरणी उघडली की गिऱ्हाईक वास घेतं; मी आधी शेंग वाकवून बघते.