दाजींचा मिस्ड कॉल

आमच्या काठावरच्या नावाड्याचं खरं नाव मतदारयादीत असेल, गावाच्या तोंडात नाही. गाव त्यांना 'उचलूनका' म्हणतं. नाव पाण्यात असताना त्यांच्या गळ्यातला फोन वाजायचा. नावेतला एखादा शहाणा पाहुणा म्हणायचा, "अहो, वाजतोय की, घ्या ना!" की हे वल्हं काखेत दाबून दोन्ही हातांनी फोन झाकायचे आणि ओरडायचे, "उचलू नका!" जणू कोणी त्यांचं पोरच उचलून नेतंय. लगेच नाव जवळच्या काठाकडे वळायची.

माझ्या नवऱ्याचे ते जुने दोस्त, म्हणून मला भाऊजी. मी काठावरच्या रिचार्जच्या दुकानाची मालकीण. चार्जर, कव्हरं, बिस्किटं आणि लोकांच्या शिव्या, एवढा माल माझ्याकडे कायम असतो. नेटवर्क गेलं की लोक माझ्याशी भांडायला येतात, जसा काही टॉवर मी पदराला बांधून ठेवलाय.

तर त्या फोनची गोष्ट. वरच्या अंगाला धरण आहे. वीजघरातून हुकूम आला की धरणाचे दरवाजे उघडतात आणि कमरेइतक्या पाण्याची आमची नदी बघता बघता माणूस बुडवते. पूर्वी पाणी सोडण्याआधी भोंगा वाजायचा. तो बिघडला, आणि दुरुस्ती कोणी करायची यावर साहेबलोकांचं अजून ठरतंय. पण दरवाज्यांच्या चावीवर बसतात ते भाऊजींचे सख्खे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दोघांनी आपसात ठरवून टाकलं. दाजींनी चावी फिरवायच्या आधी फोन लावायचा, रिंग गेली की कट करायचा. इकडे वाजला की भाऊजींनी नाव काठाला लावायची. पाणी इथवर पोचेपर्यंत माणसं उतरून, दोर आवळून व्हायचा. फोन उचलायचा नाही, कारण पूर्वी उचलला की पैसे कापले जायचे, आणि हातात वल्हं असताना बोलत कोण बसतंय? नंतर बोलणं फुकट झालं, तरी सवय राहिली. इतक्या वर्षांत ते दोघं फोनवर एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. एरवी भेटले की मात्र दाजी मेहुण्याची अशी खेचायचे की विचारू नका.

आणि मग ते लग्न लागलं. तांबड्या पाटीची कंपनी आणि निळ्या पाटीची कंपनी एक झाली. लग्न त्यांचं, आणि वरात आमच्या बोकांडी! मेसेज आला: आता आपलं नेटवर्क मोठं, मजबूत, तुम्हाला काहीही करायची गरज नाही. नाव मोठं आणि लक्षण खोटं. जीपमधून माणसं आली, टेकडीवरचा आमचा तांबड्या कंपनीचा टॉवर बंद करून गेली, कारण पलीकडे निळ्या कंपनीचा होताच. म्हणाले, थोडे दिवस मागेपुढे होईल. मी विचारलं, "मागेपुढे म्हणजे काय होईल?" तर म्हणाले, "होईल सुरळीत." हे काय उत्तर झालं? पण फोनवर दांड्या पूर्ण दिसत होत्या, तेव्हा लोकही म्हणाले, चला, बरं झालं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूबाईंना पैलतीरावरून आणायचं होतं. त्या डोळ्याचं ऑपरेशन करून नणंदेकडे राहिल्या होत्या. त्यांच्याशिवाय दुकानात थोडी शांतता होती, खोटं कशाला बोलू? भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमची शांतता संपली, निघतो आणायला." आणि हसत हसत नाव सोडली.

थोड्या वेळानं दूधवाला दुकानात आला तो तणतणतच. "वहिनी, सकाळपासून रिंग मारतोय. आज दूध उशिरा येणार हे सांगायला! उचलायला काय हात दुखतात का?"

"एकही रिंग आली नाही मला."

"माझ्या कानात वाजतेय ना!"

"मग आत्ता लाव. माझ्यासमोर लाव."

त्यानं लावला, फोन माझ्या कानाला धरला. ट्रिंग, ट्रिंग, अगदी स्वच्छ. माझ्या दुसऱ्या तळहातावर माझा फोन पडलेला, दांड्या पूर्ण, आणि थंडगार. वाजला नाही, थरथरला नाही. दूधवाला म्हणाला, "बघा, जातेय की नाही रिंग?" तो आपला जिंकल्याच्या आनंदात.

दाजी तरी काय ऐकतात? रिंगच ऐकतात. ती ऐकली की त्यांचं काम झालं. इकडून कोणी उचलत नाही याचं त्यांना नवल वाटायचं कारणच नाही. आणि पाणी सुटतं दिवसाआड; काल सुटलं नव्हतं, म्हणजे आज सुटणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी धरणावर फोन लावला. रिंग गेली, पण ती कुठे वाजत होती देव जाणे. फोन गल्ल्यावर टाकला आणि दुकान उघडं टाकून धावले. दूधवाला मागून ओरडतोय, "अहो, झालं काय?" मी पळता पळताच सांगितलं. तो दुधाच्या कॅनचा दोर सोडून घेऊन माझ्यामागे पळाला, अक्कल होती बिचाऱ्याला.

नाव नदीच्या मध्यावर होती. पुढे सासूबाई, एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी. मी काठावरून हात हलवले, पदर हलवला, घसा फाटेस्तोवर ओरडले, "लवकर काठाला लावा! पाणी येतंय!" वारा उलटा. भाऊजींनी मला पाहिलं. वल्हं थांबवलं. गळ्यातला फोन वर उचलून मला दाखवला आणि मान हलवली, म्हणजे वाजला नाही, काही घाबरू नका. आणि मजेत वल्हवायला लागले.

अस्सा संताप आला मला! ज्या माणसाच्या बापानं त्याला पाण्याचा रंग बघायला शिकवलं, तो माणूस छातीवरच्या त्या डबीकडे बघत होता, पाण्याकडे नाही. आणि त्याचं तरी काय चुकलं? त्या डबीनं त्याला आजवर एकदाही फसवलं नव्हतं.

पुढचं नावेतलं मला सासूबाईंनी नंतर सांगितलं, आणि तेव्हापासून रोज सांगतात. डोळा बांधलेला, दुसऱ्यानं धड दिसत नाही, म्हणून त्या कानानं नदी बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, पाणी दळण दळल्यासारखं का वाजतंय?"

"काकी, फोन वाजला नाही."

"फोन गेला खड्ड्यात! तू वर बघ!"

भाऊजींनी वर बघितलं. वळणावर नदीला मातकट कड आली होती, आणि ती कड चालत होती.

मग मात्र त्यांनी वल्ह्यावर सगळा जोर लावला. असं वल्हवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना पिशवी टाकायला लावली, नावेच्या तळाशी आडवं केलं आणि नाव सरळ आमच्या काठाकडे घातली. आम्ही दोघं काठाकाठानं खाली पळत होतो, कारण पाणी नाव खाली ओढणार हे दिसतच होतं. मी सासूबाईंना मनात बोललेलं सगळं त्या पळण्यात मागे घेतलं.

जुन्या अर्धवट पुलाच्या खांबाजवळ पाण्यानं नाव गाठली. ती आडवी झाली. दूधवाल्यानं दोर फेकला. भाऊजींनी तो सासूबाईंच्या कमरेला गुंडाळला, स्वतःच्या नाही, आणि ओरडले, "ओढा!" आम्ही ओढलं. त्या चिखलातून फरफटत काठावर आल्या, खोकत, शिव्या देत, जिवंत. तेवढ्यात नाव खांबावर आपटली. फळ्या मोडल्याचा आवाज मला अजून झोपेत येतो. भाऊजी खांब आणि नाव यांच्यात सापडले. उजव्या खांद्यानं नाव अडवून धरली, नाहीतर छातीच चिरडली असती. दूधवाल्यानं पुन्हा दोर फेकला तेव्हा त्यांनी तो दातांत धरला, एका हाताला वेढे घेतले, आणि आम्ही त्यांना बाहेर काढलं. नाव तुकड्यातुकड्यांनी गेली.

डॉक्टर येऊन खांदा बांधून गेले, आणि कोणाकडून तरी निरोप मिळून दाजी आणि ताई मोटरसायकलवरून आले. भाऊजी माझ्या दुकानात बाकावर गोधडीत गुंडाळून बसले होते. गळ्यात तो फोन तसाच. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला म्हणून कोरडा, दांड्या पूर्ण.

दाजी दारातच थांबले. "मी लावला होता रे. शपथेवर सांगतो. रिंग गेली, या कानानं ऐकली, मगच चावी फिरवली."

"तुमच्याकडे गेली असेल दाजी," भाऊजी म्हणाले. "माझ्याकडे आली नाही."

ताईंनी नवऱ्याकडे वळून विचारलं, "त्यानं उचलला होता?"

"तो कधी उचलतो? आमचं तसं ठरलेलंच आहे."

"मग माझा भाऊ खाली आहे की नाही, त्याला कळलंय की नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

दाजी पायरीवर बसले, गुडघ्यांत डोकं घातलं आणि लहान पोरासारखे रडले. ताई त्यांच्याजवळ गेल्या नाहीत, भावाचे ओले केस पुसत राहिल्या. मला दोघांचीही दया येत होती, आणि ज्यांच्यावर ओरडावं ते साहेब तिथे कोणीच नव्हते.

नंतर मेसेज आला की जोडणी पूर्ण झाली, आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार. टॉवर कुठेतरी वळवला, आता फोन सगळ्यांचे वाजतात. नदी ओलांडायची तर लोक लांबच्या पुलावरून फिरून जातात. भाऊजींचा हात खांद्याच्या वर जात नाही. दिवसभर माझ्या दुकानासमोर बसतात, गिऱ्हाइकांना फोनवर काचा चिकटवून देतात आणि सासूबाईंकडून बोलणी खातात.

आणि पाणी सुटायच्या प्रत्येक दिवशी दाजी मोटरसायकलवरून येतात. चावी सोडून फिरतोस म्हणून साहेबांनी त्यांना दोनदा फैलावर घेतलं, तरी येतात. परवा भाऊजींनी शेवटी विचारलंच, "दाजी, फोन लागतो आता. नावही उरली नाही, मी पाण्यात उतरतसुद्धा नाही. मग हेलपाटे कशाला घालता?"

"माहीत आहे मला," दाजी म्हणाले. चहाला नको म्हणाले, गाडीवरून उतरलेही नाहीत. मेहुण्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघितलं.

"दिसलास," म्हणाले. "जातो. दरवाजे उघडायचेत."